बॉयलरच्या चाकावरचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. मी तेव्हा विजेच्या खात्यात वायरमन होतो. नांदेडहून लातूरकडे एका साखर कारखान्याचा बॉयलर निघाला आणि त्याच्याबरोबर जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्यायला पाणी नाही तिथं ऊस कुठून आणणार, हे कुणी विचारत नव्हतं.

अवजड मालाचे सरकारी नियम मोठे कडक. ट्रेलर फक्त दिवसाउजेडी हाकायचा. पुढंमागं लाल झेंडे बांधायचे आणि एका माणसानं झेंडा घेऊन पुढं चालायचं. रस्त्यावर तारा आडव्या आल्या, तर वीज बंद करून त्या बांबूनं उचलायच्या आणि ट्रेलर पार झाल्यावरच वीज सोडायची. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तार घासली असती तर माणसं मेली असती. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आमच्याकडची एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या साली खेड्यांना वीज मिळायची ती सकाळपासून दुपारी बारापर्यंत आणि बोअरची मोटार चालायची तीही तेवढ्यातच.

अहमदपूरच्या अलीकडं माझ्या मावशीचं गाव लागायचं. मी आदल्या दिवशी एसटीच्या कंडक्टरजवळ तिला निरोप दिला होता, "उद्या सकाळी मोठं सामान घेऊन येतोय. लाइट बंद ठेवावी लागंल, गावाला सांगून ठेव."

सकाळी ट्रेलरच्या पुढं सायकलवर मी गावात पोचलो, तर अख्खं गाव रस्त्यावर. मला वाटलं, वीज काढू नको म्हणून भांडायला आलेत. मी भीत भीत डीपीकडं वळलो, तर बायाच हसून म्हणाल्या, "काढा की बिनघोर! एक दिस न्हाई भरलं पाणी तर काय मरत न्हाई आमी." मी फ्यूज काढले. एवढी समजूतदार माणसं मी नोकरीत कधी पाहिली नव्हती, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती.

ट्रेलर आला. त्यावर तो भलामोठा लोखंडी गोल बॉयलर आडवा बांधलेला. बाया आरतीचं ताट घेऊन पुढं झाल्या आणि सगळ्यांत पुढं माझी मावशी होती, हातात भरलेला तांब्या घेऊन. मी बघतच राहिलो. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. बोअरवर आमच्या बायांची पाळी सगळ्यांच्या शेवटी यायची. तसा कागदोपत्री नियम नव्हता, पण तो कधी मोडलाही नव्हता. त्या मावशीला आज गावानं पहिला मान दिला होता. नव्या गाडीच्या चाकावर पाणी घालायची रीत आहे आमच्याकडं. तिनं तांब्याभर पाणी चाकावर ओतलं. मातीनं ते क्षणात पिऊन टाकलं.

सरपंच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जिल्हा झाल्याचा ह्यो फायदा बगा! आपल्या पाव्हण्यानं पाण्याची टाकी आणली गावाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी माझ्याकडं अशी बघत होती, की तसं माझ्या आईनंही कधी बघितलं नसेल. मी तिला बाजूला घेतलं.

"मावशी, ही टाकी न्हाई. कारखान्याचा बॉयलर हाय. लातूरकडं चाललाय."

"आपल्या गावाला न्हाई?"

"न्हाई."

तिनं एकदा त्या ओल्या चाकाकडं बघितलं. गावाला तोंड कसं दाखवावं ते मला कळत नव्हतं. मी सांगायला पुढं झालो, तर तिनं मला मागं सारलं आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाली, "ऐका हो! टाकी न्हाई ही. पोरानं नुसतं सामान म्हणून निरोप धाडला हुता. टाकी मीच म्हणले. चूक माझी हाय."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. आरतीचं ताट मुकाट्यानं परत गेलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ट्रेलर वळणावर अडकला. मागंपुढं करत तो तारांखालून पार होईतो ऊन डोक्यावर आलं. मी फ्यूज बसवले. मोटार घरघरली आणि बोअरपुढं ओळ लागली. मावशीला कुणी काही म्हणालं नाही. ती आपली घागर घेऊन आपणहून ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी तिच्याजवळ गेलो.

"जा लेकरा," ती म्हणाली, "तुजं सामान खोळंबलंय."

सायकल ट्रेलरवर टाकून मी झेंडा घेतला आणि पुढं चालू लागलो. गावाची शीव यायच्या आत बारा वाजले आणि मागं मोटार थांबली. मी वळून पाहिलं. मावशीच्या पुढं अजून अर्धी ओळ उभी होती.