दुधातला झेब्रा

हे मी स्वतःहून कुणाला सांगणार नव्हतो. पण काटेवाडीत उतरून तुम्ही माझं घर विचारलंत, तर माणूस पत्ता सांगायच्या आधी हेच सांगतो, आणि तेही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा बसा, चहा घ्या आणि माझ्याच तोंडून ऐका.

आधी माझा स्वभाव सांगतो. मला एका जागी बसवत नाही. जेवताना पाय हलत असतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून येतो. आणि असल्या माणसानं छंद कुठला धरावा? तर दिवसभर बिळात दडून बसणारा मासा पाळायचा.

झेब्रा प्लेको त्याचं नाव. जात कॅटफिशची, गाव ब्राझीलमधल्या कुठल्याशा नदीचं. बोटाएवढा जीव, अंगावर काळे-पांढरे पट्टे, तोंडाला इवल्याशा मिशा. आपल्याकडे फार दुर्मीळ. शेतात पाइपलाइन केली तेव्हा उरलेला वीतभर पाइप मी एका बाजूनं टोपण लावून माशाच्या काचेच्या टाकीत ठेवला होता. मासा त्यात शिरला तो शिरलाच. आठवड्यातून एखादे दिवशी मिशा बाहेर दिसायच्या. मी घरातल्या सगळ्यांना हाका मारायचो. माणसं येईपर्यंत मिशा आत.

"उजनी धरणातली चिलापी निदान कालवणात तरी दिसती," आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. "ह्यो तुझा मासा कुटंच दिसत न्हाय. काचंच्या पेटीत पाणी पाळलंयस नुसतं."

आबांचा जीव गाईंत. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. वीस वर्षांत त्यांच्या दुधावर कुणी बोट ठेवलेलं नाही. घरच्या चहात पाणी जरा जास्त पडलं तरी त्यांना अपमान वाटतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर माझ्याकडे नर होता. मादी होती इंदापूरच्या एका सरांकडे. शाळेत विज्ञान शिकवतात, घरात चार-पाच जातींचे दुर्मीळ कॅटफिश बाळगून आहेत. आमच्या दोन्ही तालुक्यांत या माशाची पिल्लं कुणी काढलेली नव्हती. मी चार महिने फोन करकरून सरांच्या मागे लागलो, तेव्हा कुठं ते म्हणाले, "मादी घेऊन येतो. पण आधी टाकी बघणार आणि तुम्हालाही बघणार. हा मासा उतावळ्या माणसाच्या घरी अंडी घालत नाही."

आता मला सांगा, उतावळ्या माणसाला असं सांगितल्यावर तो शांत राहील का?

रविवारी दहा वाजता सर येणार होते. मी पहाटेपासून उठून बसलो. टाकी तर स्वच्छच होती, पण मला ती उगाच गढूळ दिसायला लागली. म्हटलं, एकदा धुऊनच काढू. मासा तेवढा वेळ ठेवायचा कशात? घरातल्या बादल्यांना साबणाचा वास, आणि साबण म्हणजे माशाला विष. घरात सगळ्यांत स्वच्छ भांडं कुठलं, तर आबांच्या दुधाच्या दोन किटल्या. कडक पाण्यानं धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या असतात.

मी एक किटली घेतली, टाकीतलं पाणी भरलं, पाइप बाहेर काढून तिच्यावर उलटा धरला आणि झटकला. 'डुब्' असा आवाज आला. झालं, मासा पडला आत. वाकून खात्री करावी एवढा धीर कुणाला होता? झाकण लावलं, पाइप टाकीतल्याच पाण्यानं भरलेल्या एका डब्यात टाकला आणि काच घासायला लागलो.

अर्ध्या तासानं मागं वळून बघतो तर दोन्ही किटल्या गायब.

"वैशाली, किटली कुठाय?"

"आबा घिऊन गेले की," बायको भाकरी थापता थापता म्हणाली. "धारा काढल्या, दूध भरलं आन् गेले डेअरीला. येळ झाली न्हाय व्हय त्यांची?"

आबांनी न बघताच किटलीत दूध ओतलं असणार. ब्राझीलचा मासा गाईच्या दुधात बुडून डेअरीच्या वाटेवर. फोन करावा, तर आबांचा फोन कोनाड्यात वाजला.

निघताना मला एक युक्ती सुचली, आणि ती मी अजून विसरू शकलेलो नाही. हा मासा हाताला लागत नाही, पण आपला पाइप दिसला की थेट आत शिरतो. म्हणून मी पाइपाचा डबा उचलला, मोटरसायकलवर मांडीत धरला आणि डेअरी गाठली.

आबा रांगेत होते. पुढं एकच माणूस उरला होता. मी गाडी उभी न करता नुसती सोडली. ती मागं आडवी झाली.

"आबा, ओतू नका. तुमच्या किटलीत मासा हाय."

आबा सावकाश माझ्याकडे वळले.

"काय हाय?"

"मासा. मीच ठिवला होता. पाण्यात."

"म्हंजी दुधात पानी बी हाय व्हय?" मागनं कुणीतरी विचारलं. तिथून जी खसखस सुरू झाली ती थांबेना. एक जण म्हणाला, आबांनी गाईंना उजनीत चरायला सोडलं असंल. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना असं मान खाली घालून उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त काळजी त्या वेळी मला माशाची होती.

डेअरीचे सेक्रेटरी तात्या शांत माणूस. ते म्हणाले, "एवडं काय त्यात? हितं गाळणी हाय. दूध गाळून घिऊ. मासा आसला तर वर ऱ्हाईल."

आता बघा, मी दुधाच्या घरात जन्मलेला माणूस. डेअरीवर दूध गाळून घेतात हे मला ठाऊक नाही का? पण मी तात्यांचा हात धरला. "गाळणीत त्याच्या पंखाचे काटे अडकतील, तात्या. मला दोन मिनिटं द्या. तो आपल्या आपण येतोय बघा."

आणि मी डब्यातनं पाइप काढून आबांच्या दुधात बुडवला.

अख्खी रांग किटलीभोवती गोळा झाली. मी पाइप धरून उकिडवा बसलेला. जन्मात पहिल्यांदा मी एवढा स्थिर बसलो असेन. कुणी खोकलं तरी मी "श्श" करायचो. दोन मिनिटांची पाच झाली. मासा काही येईना.

शेवटी तात्यांनी पाइप बाजूला करायला लावला. मी तो परत डब्यात टाकला. दोन्ही किटल्या गाळून झाल्या. गाळणीवर फेसाशिवाय काही राहिलं नाही.

"मासा न्हाय," तात्या म्हणाले. "पन आबा, ह्यानं त्यात पाइप बुडीवला. सगळ्यांनी बघितलंय. ह्ये दूध मला घेता येत न्हाय."

वीस वर्षांत पहिल्यांदा आबा भरल्या किटल्या घेऊन माघारी निघाले. गाडीला किटल्या अडकवता अडकवता मला एवढंच म्हणाले, "मला आधी इचारायचं हुतंस. किटलीत पानी दिसलं, ते मी शेवग्याच्या बुडात वतलं. पालथी करून, हात घालून बघितल्याबिगर मी दूध भरतो व्हय?"

शेवग्याच्या बुडात? मी पुढचं काही ऐकलंच नाही. सुसाट घरी आलो, डबा ओट्यावर आदळला, खुरपं घेतलं आणि शेवग्याचं आळं उकरायला बसलो. चिखलात एक गुळगुळीत खडा सापडला. टाकीतलाच. तो हातात घेतल्यावर मला सकाळचा 'डुब्' आठवला, तरी डोक्यात प्रकाश पडेना. मी उकरतच राहिलो.

बरोबर दहाला सर आले. हातात पाण्याची फुगवलेली पिशवी, त्यात ती पट्टेरी मादी. समोर रिकामी टाकी, आणि झाडाच्या बुडात कोपरापर्यंत चिखलात हात घातलेला मी.

"मासा कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"शोधतोय."

सरांनी पिशवी सावलीत ठेवली, ओट्यावरचा डबा उघडला, पाइप उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "हा काय, आत बसलाय. हा मासा घाबरला की पंख ताणून पाइपात पाचर ठोकल्यासारखा बसतो. झटकून पडत नाही. पण याच्या मिशांना पांढरं काय लागलंय?"

मी हात पुसत उठलो. तेवढ्यात आबा किटल्या घेऊन दारात आले होते. त्यांनीही पाइपात डोकावून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो मासा दिसला.

"ह्यो सकाळधरनं पाइपातच हुता?"

"व्हय, आबा."

"आन् पाइप तू डेअरीवर माझ्या दुधात बुडीवलास."

"व्हय."

आबांनी हातातल्या किटल्या खाली टेकवल्या. "म्हंजी तू वरडत आलास तवा माझं दूध चोख हुतं. त्यात मासा घातला तो तू. समद्या रांगंसमोर, धा मान्सं साक्षीला ठिवून."

वैशाली आत गेली. ती हसत होती हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

सरांनी आबांकडून सकाळची सगळी हकीगत ऐकत चहा घेतला. मग पिशवी उचलली. मला वाटलं आता मादी टाकीत सोडणार. त्यांनी उलट माझाच डबा उचलला. "मादी इथं ठेवत नाही," ते म्हणाले. "नरच घेऊन जातो. त्याला जरा शांतता मिळू दे."

असा माझा झेब्रा इंदापूरला घरजावई गेला.

आबांनी संध्याकाळी ताजं दूध नेलं. तात्यांनी ते निमूट घेतलं, पण गाळणी तेवढी दोनदा लावली म्हणे. ते आबांच्या जिव्हारी लागलं. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. पिल्लं झाली होती. बघायला या म्हणाले. मी लगेच पायात चपला घातल्या, फोन अजून कानालाच होता.

"एक मिनिट," सर म्हणाले. "तुम्ही अंगणात थांबा. बघायला आबांना पाठवा. ते आधी हात घालून बघतात, मग ओततात."