दुसरीच्या कमरेचा बटवा

परक्या मुलखात तुमचा खिसा कापला गेला, तर पहिली हाक कोणाला माराल? खरं सांगा. घरी तार कराल, की पैसे पाठवा? मग तुम्ही आमच्या भय्यासाहेबांच्या पंगतीतले. बाहेरगावी अडलेल्या माणसाला, त्यातून बाईला, घरच्या मनीऑर्डरीशिवाय तारणहार नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. ते मत ज्या बाईने मोडीत काढलं, तिची ही हकीकत.

अनसूयाबाई तिचं नाव. गल्ली सगळी अक्का म्हणे. खापरपणजे शिंद्यांच्या दरबारचे कारकून म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. घराण्याची ऐट पुष्कळ, डब्यात पीठ कमी. तिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा नातेवाइकांनी सुचवलं, दिराकडे राहा आणि पोळ्या लाटा. अक्कांनी रामघाटावर एक लाकडी तखत टाकलं आणि क्षिप्रेत आंघोळीला उतरणाऱ्या यात्रेकरूंचे कपडे, जोडे, बोचकी राखायला बसल्या. नगाला एक पैसा. दरबारी घराण्यातली बाई परक्यांचे जोडे राखते, म्हणून दोन घरांनी जाणं-येणं सोडलं. अक्का म्हणाल्या, "तेवढा चहा वाचला."

चोवीस वर्षांत त्यांच्या तखतावरून एक रुमाल गेला नाही. घाटावर मात्र रोज कोणी ना कोणी लुटलं जायचं, आणि ते बघून बघून त्या शहाण्या झाल्या.

"चोर पैसा शोधतच नाही, माणिक," त्या मला सांगत. "तो माणसाचा हात बघतो. आपला पैसा माणूस दर दहा पावलांवर चाचपतो. हात जाईल तिथे माल. पण दुसऱ्याची अमानत असली ना, की एकदाच घट्ट बांधतो आणि गप्प बसतो."

सत्तावन सालच्या शिवरात्रीला आम्ही सात जणींनी नेपाळात पशुपतिनाथाला जायचं ठरवलं. महाकाळ तर घरचाच, आता पाहुण्याकडेही एकदा जाऊन येऊ, असं अक्कांचं म्हणणं. मी देवासाठी निघाले नव्हते. मी तेव्हा स्टेशनाजवळच्या देवास गेटवर हमालांच्या सभांत बोलत असे, आणि देवापेक्षा माझं भांडण भय्यासाहेबांशी जास्त होतं.

भय्यासाहेब मध्यभारताच्या खजिन्यात हेडक्लार्क होते. आदल्या नोव्हेंबरात मध्यभारत संपला, मध्यप्रदेश झाला, दफ्तरं भोपाळला गेली. भय्यासाहेबांना पेन्शन मिळाली आणि राज्य गमावलेल्या माणसाचा रुबाब आला. त्यांची सून सुलू आमच्याबरोबर येणार होती.

"सात बायका, परदेश, आणि पैसे ठेवणार कोण?" ओट्यावर बसून त्यांनी विचारलं.

"आम्हीच," अक्का म्हणाल्या.

"मग मी साठ रुपये आजच बाजूला काढून ठेवतो. काठमांडूला आपल्या सरकारचं डाकघर आहे. तुमची तार आली की पाठवीन. आणि तार आली, अनसूयाबाई, तर ह्या गल्लीतली एकही बाई पुन्हा पैसे गाठीला बांधून स्टेशनाची पायरी चढणार नाही. कबूल?"

"आणि नाही आली तर?"

"तर साठ रुपये तुमचे."

"कबूल," मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

गल्लीतल्या पंधरा-वीस बाया दारांतून ऐकत होत्या. त्यांची पुढची जाण्या-येण्याची मुभा आमच्या कमरेला बांधली गेली, हे मला नंतर उमगलं.

अक्कांनी मेणकापडाचे सहा बटवे शिवले. स्नानाच्या वेळीच बटवा अंगावरून उतरतो आणि तेव्हाच जातो, म्हणून हा भिजला तरी चालेल असा. आत फक्त एक-एकच्या आणि पाच-पाचच्या नोटा. "शंभराची नोट दाखवली की भाव दुकानदार ठरवतो," त्या म्हणाल्या. प्रत्येकीचे पैसे तिच्याच बटव्यात घालून तोंड टाक्यांनी शिवून टाकलं, आणि मग सहाही बटवे एकमेकींत बदलले. माझा दुसरीच्या कमरेला, तिसरीचा माझ्या. कोणाचा कोणाकडे, ते फक्त अक्कांना माहीत. रोजच्या खर्चाची उघडी पिशवी आणि त्यांचे स्वतःचे पैसे त्यांच्याजवळ.

वासंतीवहिनी, म्हणजे आमच्यातल्या हौशी बाई, रुसल्या. "मला एखादी माळ घ्यावीशी वाटली तर?"

"तर म्हणायचं, माझ्याजवळ माझं काहीच नाही. खोटंही नाही आणि माळवाला पिच्छाही सोडतो."

आणि खरंच सोडत होते. रक्सौलला आगगाडी बदलली, पुढे छोटी गाडी, मग घाटातली लॉरी. वाटेत गंडेवाले भेटले, पैसे बदलून देतो म्हणणारे भेटले, एक बाबा तर वासंतीवहिनींचा हात धरून भविष्य सांगायला बसला. वहिनींनी निर्मळ मनाने त्याला सांगितलं, "महाराज, हे सगळं दुसरीचं आहे." बाबाने हात सोडला. कोणाचा हात कमरेकडे गेला नाही, कोणाचा बटवा गेला नाही. मी मनातल्या मनात साठ रुपयांच्या साड्या वाटून टाकल्या.

शिवरात्रीच्या दुपारी बागमतीच्या पुलावर गर्दीचा लोंढा आला आणि अक्का आमच्यातून सुटल्या. शोध शोध शोधलं. धर्मशाळेत परतलो तेव्हा सहा जणी होतो. उपास होताच, कोणी जेवणाचं नाव काढलं नाही.

खरी फजिती सकाळी झाली. पारण्याची वेळ. समोर हलवाई पुऱ्या तळत होता, आणि उघडी पिशवी अक्कांबरोबर. सहा जणी ओसरीत बसलो. पोटात भूक, कमरेला पैसा, आणि एकीचा हात हलेना.

"माताजी, खा लीजिए, पैसा बाद में," हलवाई म्हणाला.

"उधारी आम्ही आमच्या गावात करत नाही, तुमच्या देशात कशाला करू?" मी त्याला मराठीतच सुनावलं. बिचारा हसला आणि पुरी उलटत राहिला.

"मी तोडते टाका," मी म्हणाले आणि बटवा काढला.

"तोड की," वासंतीवहिनी म्हणाल्या. "पण माझे निघाले तर? मला न विचारता?"

"अहो वहिनी, तुम्ही समोरच बसलायत. आत्ताच विचारते."

"आणि माझे नसून ह्या सुमनचे असले तर मी हो म्हणून काय उपयोग? परक्याच्या पैशाला मी हो म्हणू?"

माझा हात थांबला. संपात पोलिसांसमोर न थांबलेला हात, एका टाक्यापाशी थांबला. दुसऱ्याची अमानत म्हटली की आमच्याकडची बाई मरेल पण सोडणार नाही, हे अक्कांनी बरोबर ओळखलं होतं. जरा जास्तच बरोबर.

"तार करू या," सुमन हळूच म्हणाली. "भय्यासाहेब पाठवतील. त्यांनी काढूनच ठेवलेत."

"तार केलीस तर बागमतीत उडी टाकीन," मी म्हणाले. "आणि तीही तुझ्या अंगावरून."

वासंतीवहिनी डाकघर किती लांब, हे हलवायाला विचारायला उठल्या. तेवढ्यात भय्यासाहेबांच्या सुनेने, सुलूने तोंड उघडलं. उज्जैनपासून इथपर्यंत तिने "हो" आणि "नको" ह्यापलीकडे शब्द काढला नव्हता.

"माणिकताई, विचारायचं कशाला? सांगून टाकू या. माझे पैसे ज्या कोणाजवळ असतील, तिने उसवावेत आणि खर्चावेत. माझी परवानगी." मग वहिनींकडे बघून म्हणाली, "आता तुम्ही म्हणा."

वहिनी परत बसल्या. त्यांनी म्हटलं. मग सुमनने. चौथी म्हणाली, पाचवी म्हणाली, शेवटी मीही म्हणाले, जरा खालच्या आवाजात, कारण हे मला सुचायला हवं होतं. सगळ्यांचे सगळ्यांना मोकळे झाले. कोणाचे कोणाकडे, हे कळायची गरजच उरली नाही.

टाका मी तोडला. पाचाची नोट दिली आणि हलवायाने उरलेली मोड नेपाळी मोहरांत, तिथल्या नाण्यांत, परत केली. नोटेचा भाव मी दोन दुकानांत आधी विचारून आले होते, ह्याची नोंद असू द्या.

दुपारी एक स्वयंसेवक अक्कांना घेऊन आला. आम्ही रडायला सुरुवात करणार, तोच त्यांनी पदराची गाठ सोडून मूठभर नाणी ओसरीवर ओतली.

"चुकलेल्यांच्या तंबूत बसून कंटाळा आला. शेजारी घाट होता, लोक बोचकी कुठं ठेवू म्हणून बघत होते. बसले. इथं नगाला बरा भाव आहे, ग." मग आमच्यासमोरचे द्रोण दिसले. "हे कशावर खाल्लं?"

सुलूने सांगितलं. अक्कांनी एक द्रोण स्वतःपुढे ओढला.

"गाठ मारायची अक्कल मला होती," त्या म्हणाल्या. "सोडायची मी एकटीच्या डोक्यात ठेवली. चूक माझी. मी पुलावरून पडले असते तर तुम्ही पैशासकट उपाशी मेला असता."

उज्जैनला टांगा गल्लीत शिरला तेव्हा भय्यासाहेब ओट्यावरच होते.

"तार आली नाही," ते म्हणाले. आवाजात जरा निराशाच होती.

"दहा रुपये उरलेत," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला लागत असले तर सांगा."

दारादारांतून बाया हसल्या. माणूस वचनाचा, आत जाऊन साठ रुपये घेऊन आले आणि अक्कांपुढे धरले. अक्कांनी हात पुढे केला नाही.

"सुलूच्या हातात द्या. आणि सुलू, हे तुझे नव्हेत हो. पुढच्या साली रामेश्वरला जाणाऱ्या बायकांचे आहेत. नीट बांध."

पुढच्या साली गल्लीतून अकरा जणी गेल्या. पैसे ठेवणार कोण, हे कोणी विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी वासंतीवहिनींचा मुलगा जयू शिकायला जर्मनीला निघाला, तेव्हा अक्का थकल्या होत्या, तखत सुटलं होतं. त्याने प्रवासी चेकांची वही दाखवली आणि सांगितलं की ह्यावर माझ्याशिवाय कोणाचीच सही चालत नाही, एकदम सेफ आहे.

"म्हणजे हा पैसा एकटा आहे, बाळा," अक्का म्हणाल्या. "त्याचे नंबर तरी दुसऱ्या कोणाच्या खिशात लिहून ठेव." हॅम्बुर्गला वही हरवली तेव्हा ते नंबर त्याच्या खोलीतल्या मित्राच्या खिशात होते, म्हणून त्याला पैसे वापस मिळाले. घरी तार आली नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं, त्यात ही गोष्ट मजेत लिहिलेली.

तुम्हीही कधी परदेशी निघालात, तर बटवा कुठे बांधायचा ते तुमचं तुम्ही बघा. पण गाडीत बसायच्या आधी सोबतच्यांसमोर उभे राहा आणि मोठ्याने म्हणा, माझे ज्याच्याजवळ असतील त्याने खर्चावेत. भूक लागेपर्यंत थांबू नका. आत्ताच एकदा म्हणून बघा.