दुसऱ्याच्या खुणा

कचेरीतला टेलिफोनचा बोर्ड काढून नेला, त्यानंतर माझ्याशी बोलायचं कारण कुणाला उरलं नाही. परभणीत एका सरकारी कचेरीत मी ऑपरेटर होते. कॉलेजात असतानाच डोळे गेले, अंधांच्या कोट्यातून ही नोकरी लागली, आणि बरीच वर्षं सगळ्या कचेरीचे आवाज माझ्या कानावरून गेले. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. बोर्ड भंगारात गेला, नोकरी तशीच राहिली. सकाळी जायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा आणि रिकाम्या टेबलाशी संध्याकाळपर्यंत बसायचं. आईवडील राहिले नव्हते. भाऊ येलदरीला, धरणाजवळ, त्याच्या संसारात. मी स्टेशन रोडच्या मागे एका खोलीत भाड्याने राहायचे.

त्या काळात मला वाचनयंत्र मिळालं. हातात मावेल एवढं, मोबाइलहून जरा जाड. अंधांसाठीच्या एका ग्रंथालयातून टपालाने मेमरी कार्डं यायची. कार्ड आत सरकवलं की पुस्तक बोलायला लागायचं. ऐकून झालं की कार्ड त्याच पाकिटातून परत पाठवायचं, मग ते दुसऱ्या वाचकाकडे जायचं. कचेरीत मी एका कानात तार घालून बसायला लागले. कुणी काही म्हणायचं नाही. मी तिथे आहे हेच बऱ्याच जणांच्या लक्षात नसायचं.

यंत्र चांगलं होतं, पण बनवणाऱ्याने डोळे मिटून ते कधी वापरलं नसावं. बटणं सगळी सारखी गुळगुळीत. पुस्तक थांबवायला जावं तर पहिल्या पानावर जाऊन पडायचं. झोप लागली तर ते आपलं वाचतच राहायचं, आणि कुठवर ऐकलं होतं ते शोधण्यात सकाळ जायची. कंपनीचा मदतीचा फोन नंबर यंत्रच सांगायचं. मी फोन लावला. पुण्याकडच्या एका बाईंनी उचलला.

"मधल्या बटणावर एक टिंब उठवा," मी म्हटलं. "बोटाला कळलं पाहिजे."

"सूचना नोंदवून घेते, मॅडम. आणखी काही?"

हे 'आणखी काही' त्या सगळ्यांनाच म्हणत असणार. पण मला कितीतरी दिवसांत कुणी असं विचारलं नव्हतं. त्यामुळे माझ्याकडे आणखी काहीतरी निघायला लागलं. आवाज वाढवला की अक्षरं फाटतात. बॅटरी संपायच्या आधी सांगत नाही, ऐन वाक्यात मरतं. कधी कधी फोन करायच्या आधी मी मुद्दाम यंत्र हातात धरून बसायचे, काय खोड काढता येईल ते बघायला. बाई कंटाळल्या असतील तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

खरी मोठी सूचना एकच होती. पुस्तक ऐकता ऐकता मनात काही आलं, तर ते तिथेच बोलून ठेवता आलं पाहिजे. डोळस माणूस समासात पेन्सिलीने लिहितो, तसं. मी कॉलेजात तसं करायचे. माझ्या पुस्तकांच्या कडा भरलेल्या असायच्या.

"कल्पना छान आहे, मॅडम," बाई म्हणाल्या. "वरती कळवते."

मी विसरूनही गेले होते, आणि एक दिवस त्यांचाच फोन आला. नवीन सुधारणा आली होती. मधलं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. अशा बोलण्याला त्या 'खूण' म्हणत होत्या. पुढच्या वेळी पुस्तक त्या जागी पोचलं की आपलं बोलणं ऐकू येणार. बटणावर टिंब मात्र नव्हतं. त्याला साचा बदलावा लागतो म्हणे.

त्यानंतर माझ्याकडे नदीकाठच्या प्रवासाचं एक जाडजूड पुस्तक आलं. लेखक गोदावरीच्या कडेकडेने चालत निघालेला. पहिल्याच प्रकरणात त्याने पाण्याचं वर्णन सुरू केलं, आणि मध्येच यंत्रातून एक म्हातारा पुरुष खाकरला.

"असं न्हाई दिसत पाणी. उगं लिवलंय ह्यानं."

मी दचकले. यंत्र पुन्हा वाचायला लागलं होतं. मी मागे जाऊन परत ऐकलं. तोच आवाज, तेच वाक्य, आणि मागे कुठेतरी आगगाडीचा भोंगा. माझ्या आधी ज्यांच्याकडे हे कार्ड होतं, त्यांचं बोलणं कार्डावरच राहून गेलं होतं.

पुढे ते जागोजागी भेटत राहिले. एका ठिकाणी नुसतेच हसले. एका ठिकाणी म्हणाले, "हे लय खरं हाय." लेखक एका गावात मुक्कामाला राहतो आणि घरच्या बाईला नाव न विचारताच निघून जातो, तिथे त्यांनी विचारलं होतं, "नाव काहून इचारलं न्हाई रे बाबा?" आपल्याला कुणी ऐकतंय हे त्या माणसाला माहीत नव्हतं. म्हणूनच ते इतकं सरळ बोलत होते. मला ते बंद करणं जमलं नाही.

पुस्तक संपवायच्या आधी मी त्या नावाच्या जागी परत गेले, मधलं बटण दाबलं आणि म्हटलं, "मलाही तेच वाटलं." आणि कार्ड परत पाठवलं.

काही महिन्यांनी मी ग्रंथालयाला तेच पुस्तक पुन्हा मागितलं. "एकदा ऐकलंय ना तुम्ही?" तिथल्या गृहस्थांनी विचारलं. म्हटलं, आवडलं. त्या पुस्तकाचं कार्ड त्यांच्याकडे एकच होतं, तेच त्यांनी पाठवलं. माझ्या वाक्यानंतर त्याच म्हाताऱ्याचं नवं बोलणं होतं, आवाज जरा घाबरलेला.

"कोण हायत तुमी? बाईमाणूस हायत का?"

म्हणजे त्यांनीही ते पुन्हा मागवलं होतं.

मग ते पुस्तक आमच्या दोघांत जात-येत राहिलं. एका फेरीला महिने लागायचे, कारण मध्ये दुसरेही वाचक असायचे. ते लोक काय समजत असतील कोण जाणे. मी सांगितलं, मी परभणीला नोकरीला आहे, दिवसभर गप्प बसते. त्यांनी सांगितलं, काचबिंदूने डोळे गेले, उतारवयात. घरात लेकरंबाळं भरपूर, शेती चांगली, "पर पुस्तक ऐकायलोय म्हनलं की समदे हसतेत." माझं म्हणणं मी आधी मनात घोळवून घोळवून मग बोलायचे. कचेरीत टेबलाशी बसून ओठांतल्या ओठांत त्याची तालीम करायचे. एकदा ते म्हणाले, "चुडाव्याला स्टेशनाजवळच घर हाय. कोनालाबी इचारा, पुस्तकवाले आजोबा म्हना. कधी या."

मी गेले. सुट्टीच्या दिवशी, पॅसेंजरने, काठी घेऊन. पूर्णा गेलं की पुढे चुडावा, डब्यातल्या एका बाईने हाताला धरून उतरवलं. स्टेशनाबाहेर विचारलं तर एकाने घरापर्यंत आणून सोडलं. मी परभणीहून आले म्हटलं, तशी ओसरीवर खाट वाजली आणि ते ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"आल्या का? बसा, बसा. अगं, बाई आल्यात परभणीच्या!"

आत टीव्ही चालू होता. पोरं पळत होती. त्यांच्या बायको माझ्याजवळ येऊन बसल्या. बांगड्यांवरून कळलं.

"कुठल्या तुमी?"

"नोकरी परभणीला. गाव येलदरीकडचं."

"आडनाव काय म्हनलं?"

मी आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध. आमच्या भागात तेवढ्यावरून कळतं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बांगड्या उठून आत गेल्या.

थोड्या वेळाने सुनेने चहा आणला. माझ्या हातात दिला तो कागदी कप होता. खाटेवर आजोबांची कपबशी वाजत होती. ते बशीत ओतून फुंकर मारत पीत होते आणि लेखकाला शिव्या देत होते. मी कप दोन्ही हातांत धरून बसले. गरम होता. कागद मऊ पडायला लागला तेव्हा पटकन पिऊन टाकला, आणि रिकामा कप कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून पर्समध्ये घातला.

"कार्डात लय बोलता बाई तुमी," ते म्हणाले, "हितं गपच हायत."

"ऐकायलेय," मी म्हटलं.

बोलण्यासारखं एवढं साठलं होतं, पण त्या ओसरीवर त्यातलं एक वाक्य आठवेना. त्यांचंही तसंच झालं असावं. लेखकाला शिव्या देऊन झाल्या, पावसापाण्याचं झालं, मग ते नुसतंच "असं हाय" म्हणत राहिले. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. गाडीला खरं तर अजून अवकाश होता. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिले.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी ते पुस्तक मागितलं नाही. दुसरी मागवली, अर्धी ऐकून परत केली. त्या आजोबांवर राग नव्हता. त्यांना दिसलंच नव्हतं. पण त्यांच्या आवाजामागे आता ती ओसरी ऐकू येणार होती. शेवटी न राहवून मागितलं. शेवटच्या प्रकरणात, जिथे नदी रुंद होते, तिथे ते होते. आवाज बारीक. दार लावून बोलत असावेत.

"बाई, एक इचारायचं व्हतं. त्या दिवशी चहा कशात दिला व्हता तुमाला? माझ्या बशीचा आवाज आला, तुमच्या कपाचा आला न्हाई. मी ध्यानात ठिवलंय. घरात इचारलं तर कोन्ही बोलंना."

एवढंच. पुढे नदी.

मी यंत्र छातीशी धरून बसले. उत्तर द्यायला किती दिवस गेले सांगता येणार नाही. खोटं बोलणं सोपं होतं. शेवटी त्यांच्या वाक्याला लागूनच बोलले, "कागदाच्या कपात. तुम्ही विचारलंत, ते मला पुरे आहे. पुस्तक मागवत राहा." आणि कार्ड टपालात टाकलं.

मग मला घोर लागला. त्यांचे कान जागे असले तरी त्या पुस्तकात आता आमच्या दोघांच्या इतक्या खुणा झाल्या होत्या, की माझं उत्तर त्यांच्याकडून निसटलं असतं. मी पुण्याला फोन लावला.

"एक सूचना आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याची खूण आली, की आधी छोटी घंटी वाजली पाहिजे."

"दुसऱ्याची म्हणजे?"

"कार्डावर आधीच्या वाचकाचं बोलणं असतं ना, ते."

"दुसऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं, मॅडम?"

त्या घाबरल्या होत्या. मला तेव्हा कळलं मी काय करून बसले. हा दोष होता. खाजगी बोलणं परक्याच्या हाती जात होतं, त्यावर तक्रार झाली असती. त्यांनी माझे आभार मानले, दोनदा. मी म्हटलं, "राहू द्या हो ते तसंच. एक सोय म्हणूनच ठेवा. ज्याला नको त्याला बंद करता येईल असं करा."

"नाही जमणार, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि मग हलक्या आवाजात, "मला कळतंय. पण नाही जमणार."

लवकरच नवी सुधारणा आली. ग्रंथालयात परत आलेल्या प्रत्येक कार्डावरच्या खुणा पुसूनच ते पुढे पाठवायचं ठरलं. माझं उत्तर आजोबांपर्यंत पोचलं की त्याआधीच पुसलं गेलं, हे कुणाला सांगता आलं नाही. आजोबांचा नंबर माझ्याकडे नव्हता. ग्रंथालय असा नंबर देत नाही. आणि घरचा फोन मिळाला असता तरी तो सून उचलणार, तिला मी कोण म्हणून सांगायचं? चुडाव्याला पुन्हा जायचं मनात आलं. तिकीट काढण्यापर्यंत पाय गेले नाहीत.

मी ते पुस्तक आणखी एकदा मागवलं. लेखक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात बोलत गेला, कुणी त्याला अडवलं नाही. ऐकून झाल्यावर कार्ड पाकिटात घातलं आणि कचेरीला जाताना टपालपेटीत टाकलं. ग्रंथालयातल्या गृहस्थांनी फोनवर विचारलं, आता कोणतं पाठवू? मी म्हटलं, कोणतंही पाठवा.