पाचव्या रकान्यातलं पाणी

मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी सातच्या सुमारास महागाव तालुक्यातल्या बोरधरा गावच्या सार्वजनिक विहिरीत सुलोचना जाधव ही चौतीस वर्षांची बाई पडली. विहीर साडेअकरा मीटर खोल होती. तळाला वाटीने भरावं लागेल एवढंच पाणी होतं. ती दोर धरून उतरली होती. वर येताना पायाखालचा दगड निसटला. तिला जीपने पुसदला नेलं, तिथून यवतमाळला. गुरुवारी दुपारी ती वारली.

बोरधऱ्याने त्या उन्हाळ्यात टँकरसाठी तीन अर्ज केले होते. तिन्ही नामंजूर झाले. तिन्ही पत्रांत कारण एकच होतं: भूजल नकाशानुसार गावात पाणी जमिनीखाली साडेतीन मीटरच्या आत उपलब्ध आहे.

तो नकाशा मी केला होता.

जिल्ह्यातल्या भूजलाचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयात मी त्या वेळी भूवैज्ञानिक होते. ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. भाव पडले होते, जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत होतं, आणि मुंबई-दिल्लीहून पाहणी पथकं येत होती. पथकांना नकाशे लागायचे, तेही रंगीत. त्यामुळे आमच्या कार्यालयाला एक नवा कॉम्प्युटर आणि भूजलाचं मॉडेल करणारं सॉफ्टवेअर मिळालं. मी नागपूरला आठ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले. बाकी कोणी गेलं नव्हतं.

मॉडेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडायचे. काही तुकड्यांत आपल्या निरीक्षण विहिरी असतात, म्हणजे ठरावीक महिन्यांत ज्यांची पाणीपातळी मोजली जाते अशा विहिरी. तिथलं पाणी किती खाली आहे हे माहीत असतं. पाऊस, झिरप, उपसा आणि खडकाचा प्रकार दिला की सॉफ्टवेअर उरलेल्या तुकड्यांतली पातळी काढतं. पाणी वर असेल तिथे नकाशा निळा होतो, खोल असेल तिथे लाल.

मोजलेल्या पातळ्या सॉफ्टवेअरला एका टेक्स्ट फाईलमधून द्याव्या लागतात. एका विहिरीची एक ओळ. ओळीत सहा रकाने: विहिरीचा नंबर, नकाशावरची आडवी जागा, उभी जागा, जमिनीची उंची, मागच्या मे महिन्यातली पातळी, मागच्या ऑक्टोबरमधली पातळी. टंचाईची यादी उन्हाळ्याची असते, म्हणून मला पाचवा रकाना हवा होता.

आमच्या टायपिस्टने रजिस्टरमधून एकशे बेचाळीस विहिरी टाइप केल्या होत्या. रकाने एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून त्याने स्पेसबार वापरला. कुठे दोन स्पेस, कुठे सात. फाईल पहिल्यांदा उघडली तेव्हा सॉफ्टवेअरने प्रत्येक स्पेसला नवा रकाना धरलं आणि सगळा गोंधळ झाला. इम्पोर्टच्या खिडकीत खाली एक चौकट होती. तिचा अर्थ असा की सलग आलेल्या कितीही मोकळ्या जागा एकच समजाव्यात. मी तिथे टिक केलं. एकशे बेचाळीस ओळी वाचल्या गेल्या. चुका शून्य, असं स्क्रीनवर आलं.

मॉडेल पहिल्या वेळी जुळलं नाही. सॉफ्टवेअरने काढलेली पातळी आणि फाईलमधली पातळी महागावच्या पट्ट्यात सात-आठ मीटरने वेगळी येत होती. अशा वेळी काही आकडे थोडे बदलून मॉडेल मोजमापाशी जुळवून घ्यायचं असतं. मी त्या पट्ट्यातली झिरप वाढवली. तिथे दोन पाझर तलाव होते, म्हणून ते पटण्यासारखं होतं. चौथ्या वेळी जुळलं.

आमचे वरिष्ठ काळे साहेब नकाशा बघून म्हणाले, "महागावला एवढं पाणी? तलावांचं काम झालेलं दिसतं." त्यांनी सही केली. खाली मी केली. अहवाल मार्चमध्ये गेला.

एप्रिलच्या शेवटी बोरधऱ्याच्या सरपंच कमलबाई राठोड कार्यालयात आल्या. सोबत तीन बाया होत्या. त्यांचा दुसरा अर्ज नुकताच नामंजूर झाला होता. मी त्यांना स्क्रीनवर नकाशा दाखवला.

"याच्यात आमचं गाव कोनतं?"

"हे. निळ्यात."

"निळं म्हंजे काय?"

"पाणी वर आहे."

त्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. एक हसली. कमलबाई हसल्या नाहीत.

"मॅडम, चार मैना झाले आम्ही शेतातल्या हिरीवरून पानी आनून राह्यलो. आता तेबी आटली. तुमच्या नकाशात पानी हाय, गावात नाई. मंग नकाशा पिळून प्याव का आम्ही?"

"मोजणी झालेली आहे, बाई. आकडे आहेत."

"मंग या न तुम्ही बोरधऱ्याले. या निळ्यातलं एक गुंडभर पानी भरून दाखवा. याल त चहा पाजतो, त्याच पान्याचा."

मी अर्जावर 'प्रत्यक्ष पाहणी करावी' असा शेरा लिहिला. कार्यालयात जीप एक होती. ती त्या आठवड्यात कापसाच्या पाहणी पथकाला दिली होती, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पथकाला. पाहणी झाली नाही. तिसरा अर्ज त्याच नकाशावर नामंजूर झाला.

सुलोचना जाधव वारल्याची बातमी शुक्रवारी पेपरात आली. आतल्या पानावर, चार ओळी. तिच्यात गावाचं नाव होतं. मी मूळ फाईल उघडली आणि बोरधऱ्याची ओळ शोधली. ओळीत सहा आकडे हवे होते. पाच होते.

चौथ्या आकड्यानंतर मोठी मोकळी जागा होती, मग ३.४० हा आकडा. कागदावर बघणाऱ्याला लगेच कळलं असतं की मे महिन्याची जागा कोरी आहे आणि ३.४० ही ऑक्टोबरची, पावसाळ्यानंतरची पातळी आहे. पण मी केलेल्या टिकमुळे सॉफ्टवेअरने ती मोकळी जागा एकच स्पेस धरली. ऑक्टोबरचा आकडा डावीकडे सरकून मेच्या रकान्यात बसला. सहाव्या रकान्यात काही उरलं नाही. सहावा रकाना मी मागितलाच नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही.

अशा एकोणीस ओळी निघाल्या. मोजणी करणारे निरीक्षक सुदाम वानखडे त्या दिवशी कार्यालयातच होते. अठरा वर्षं ते जिल्ह्यातल्या विहिरी मोजत होते. मी त्यांना रजिस्टर घेऊन बोलावलं.

"सुदामभाऊ, बोरधऱ्याची मागच्या मेची रीडिंग कुठंय?"

"नाई लिहिली."

"का?"

"हीर कोरडी होती. खडू ओला नाई झाला त कायचा आकडा लिहू?"

हे सांगायला हवं. विहीर मोजायची आमची पद्धत जुनी आहे. पोलादी टेपच्या टोकाला खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत ओला झाला तिथून हिशेब करून पातळी मिळते. वानखडे नोकरीला लागले त्याआधी काही निरीक्षक घरी बसून आकडे भरत असत. त्यावर त्या वेळच्या साहेबांनी नियम केला होता: खडू ओला झाला तरच आकडा. वानखड्यांनी तो नियम कधी मोडला नाही.

"मग 'कोरडी' असं तरी लिहायचं," मी म्हटलं.

"अठरा वर्सं झाले मॅडम. कोरी जागा म्हंजे कोरडी हीर. हे हापिसातल्या शिपायालेबी माहीत हाय." त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. "याले कोनी सांगतलं नसन."

सांगायचं काम माझं होतं. हाताने नकाशे काढायचो तेव्हा मीही कोरी जागा दिसली की तिथे कोरडी विहीर धरत असे.

मी टिक काढलं, फाईल स्वल्पविरामांनी तोडून नव्याने केली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. झिरप मूळ आकड्यावर नेली. या वेळी पहिल्याच प्रयत्नात जुळलं. महागावचा पट्टा लाल आला. बोरधरा धरून सात गावं 'पुरेसं पाणी' या गटातून 'तीव्र टंचाई' या गटात गेली. बाकीच्या बारा ओळींतली गावं आजूबाजूच्या विहिरींमुळे आधीच टंचाईच्या यादीत होती.

दोन्ही नकाशे घेऊन मी काळे साहेबांकडे गेले. त्यांनी दहा मिनिटं दोन्ही शेजारी ठेवून बघितले.

"सॉफ्टवेअरची चूक?"

"नाही सर. टिक मी केलं होतं."

"आणि झिरप वाढवली, तीही तुम्हीच?"

"हो."

"मला तेव्हा शंका आली होती," ते म्हणाले. मग थांबून, "पण सही केली." त्यांनी खिडकी बंद केली. "अहवाल मागे घेतला तर सगळ्या जिल्ह्याचा नकाशा खोटा ठरेल."

"सातच गावं आहेत, सर."

"वाचणारा सात मोजत बसत नाही. त्याला एक चूक पुरते." त्यांनी कागद ओढला. "बोरधऱ्याचं वेगळं पत्र काढा. 'प्रत्यक्ष पाहणीअंती' म्हणा. आजच. सात पत्रं एकदम निघाली तर कारण विचारतील. बाकीची सहा गावं सुधारित यादीतून जातील. ती मंजूर करणाऱ्या टंचाई समितीची बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे."

"तोवर पंधरा दिवस जातील."

"बोरधऱ्याचं आज काढा," ते पुन्हा म्हणाले.

पत्रात 'प्रत्यक्ष पाहणी' असं लिहायचं होतं, म्हणून शनिवारी मी आणि वानखडे एसटीने महागावला आणि तिथून त्यांच्या भाच्याच्या मोटरसायकलवर बोरधऱ्याला गेलो. विहिरीवर आता बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. वानखड्यांनी फांद्या बाजूला केल्या, खडू घासला, टेप सोडली. वर आली तेव्हा खडू पांढरा होता. त्यांनी ती मला दाखवली आणि वहीत जागा कोरी सोडली. मी त्यांच्या हातातून पेन घेऊन तिथे 'कोरडी' लिहिलं.

सोमवारी बोरधऱ्यात पहिला टँकर आला. त्या आठवड्यात आम्ही उरलेली सहा गावं मोजली. चार विहिरी कोरड्या होत्या. दोन विहिरींत हातभर गढूळ पाणी होतं. एका गावात बाया पहाटे तीनपासून नंबर लावत होत्या, दुसऱ्या गावात दीड किलोमीटरवरच्या नाल्यात खड्डे खणून पाणी काढत होत्या. प्रत्येक गावात लोक विचारायचे, टँकर कधी. मी बैठकीची तारीख सांगायचे.

परतताना कमलबाई महागावच्या स्टँडवर भेटल्या. तहसीलमधून येत होत्या. टँकर रोज येतो का, मी विचारलं.

"येते. एक खेप सकाळी, एक चार वाजता." मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या गावायचं काय झालं म्हने?"

"यादी केली आहे. मंजूर व्हायची आहे."

"आमची सुलोचना गेली म्हून आमाले टँकर भेटला. त्यायच्यातून पयले कोन जाईन, तेबी लिहून घेतलं काय यादीत?"

वानखडे म्हणाले, "बाई, मॅडमच पायी फिरून राह्यल्या त्याच्यासाठी."

"मंग मार्चात फिराचं होतं न, भाऊ," कमलबाई म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

मी तहसीलमधल्या टंचाईच्या कारकुनाला दोनदा फोन केला. तो चांगला बोलायचा. "मॅडम, फोनवर टँकर लावता येत नाई. लेखी पायजे."

"लेखी तयार आहे. समितीची मंजुरी राहिली."

"मंग मंजूर होऊन येऊ द्या. आमचं काय जाते, लावतो आम्ही."

जूनच्या पहिल्या आठवड्यातली बैठक पुढे गेली, कारण त्या दिवशी कापसाचं आणखी एक पथक जिल्ह्यात होतं आणि समितीचे सगळे अधिकारी त्यांच्यासोबत होते. दुसऱ्या आठवड्यात बैठक झाली, पण आमचा विषय शेवटचा होता आणि वेळ संपला. तिसऱ्या आठवड्यात यादी मंजूर झाली. इतिवृत्तावर सह्या व्हायला आणखी नऊ दिवस गेले.

त्या वर्षीपासून आमच्या फाईलमध्ये कोरडी विहीर उणे ९९९ अशी लिहितात. सॉफ्टवेअरला तो आकडा दिसला की ते ती ओळ पातळी म्हणून वाचत नाही. वानखड्यांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "एवढी खोल हीर आपल्या जिल्ह्यात नाई, मॅडम." जो आकडा मोजलाच नाही तो लिहायला त्यांचा हात धजत नसे. निवृत्त होईपर्यंत ते जागा कोरीच सोडत, आणि उणे ९९९ मी भरत असे.

मार्चचा अहवाल मागे घेतला गेला नाही. त्याला पुरवणी जोडली. पुरवणीत कारण 'तांत्रिक सुधारणा' असं आहे.

उन्हाळ्यातले टँकर आदेशानुसार तीस जूनला बंद होतात. सुधारित यादी महागावला जुलैच्या पहिल्या मंगळवारी पोचली. त्या सहा गावांत त्या उन्हाळ्यात टँकरची एकही खेप झाली नाही.