विमानाचे बबनराव

विमानाला हात लावण्याआधी बबनराव चपला काढत, आणि हात लावल्याबरोबर शिव्या द्यायला लागत. दोन्ही गोष्टी सारख्याच भक्तिभावानं चालत.

नव्वदच्या दशकात उसावर कीड पडली की आमच्या निमगाव सावाच्या माळावर एका ठेकेदाराचं विमान औषधाची पावडर धुरळायला यायचं. एकावर एक असे दोन पंख, त्यांना कापड ताणलेलं, आणि वैमानिकाच्या पुढ्यात पावडरीची टाकी. बबनराव बोरी बुद्रुकचे, नारायणगावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. पहिल्याच वर्षी विमान बंद पडलं, पुण्याचा मेकॅनिक काही येईना, तेव्हा यांनी ते उघडलं. "इंजिन त्ये इंजिन. ह्ये जरा वर जातं, येवढंच," म्हणाले. विमान उडालं. दुरुस्तीच्या कागदावर सही दुसऱ्याच कुणाची असे, पण हात बबनरावांचे.

माझं गावात किराण्याचं दुकान. तिथून नेलेल्या शंभरपानी वहीत ते विमानाची हकिगत लिहीत. आमच्याकडे येण्याआधी ते विमान कुठं कापसावर, कुठं टोळांवर फिरून, दोनदा पंख बदलून आलं होतं. पुढच्या नोंदी बबनरावांच्या: 'म्हातारी खोकली. प्लग साफ केले. गप्प झाली.' 'डावा पंख फाटला. ठिगळ लावलं. बायकोपेक्षा बरं शिवलं.' कुणी तिला खटारा म्हटलं की बबनराव अंगावर जात. "म्हातारीनं आजवर कुणाला पाडलं न्हाई. तुमी मोटरसायकलवरनं किती येळा पडला, त्ये सांगा!"

पावडर भरण्याआधी ते स्वतः चाळत. एक खडा निघाला तरी भरणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. टाकीच्या तळाची झडप खड्यानं अडकते, आणि अडकली की वैमानिकाचं ध्यान उडण्यावरून उडतं, असं ते सांगत.

एका वर्षी खंडोबाच्या यात्रेला विमानातून भंडारा उधळायचं गावानं ठरवलं. विमान उडवणारा कॅप्टन भला माणूस, बबनरावांच्या शब्दाखातर तयार झाला. भंडारा माझ्या दुकानातून. आम्ही जैन, पण गिऱ्हाइकाचा देव तो आमचाही देव, शिवाय हळद पोत्यानं खपत होती. बबनरावांनी ती वस्त्रगाळ केली आणि मग काउंटरपाशी घुटमळले.

"शेठ, नुसताच भंडार? खोबऱ्याबिगर कुटं उधळत्यात व्हय?" हातात खोबऱ्याचे तुकडे घेऊन ते म्हणाले, "पर अडकंल का वो?"

विमानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी म्हणालो, "टाका हो बबनराव, बारीक तर आहेत. देवाचं काम आहे."

त्यांनी टाकले. कॅप्टनला सांगितलं नाही. तो नको म्हणाला असता.

विमान देवळावर आलं, सगळं गाव तोंड वर करून उभं. काहीच पडलं नाही. दुसरा फेरा खालून झाला, कॅप्टन झडपेचा दांडा हिसडत होता. तिसऱ्या फेऱ्यात चाकं देवळामागच्या उसात अडकली आणि विमान उलटंपालटं झालं. टाकी फुटली. कॅप्टन नखशिखांत पिवळा होऊन, शिंकत बाहेर आला. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. लोकांनी येळकोट केला, दोघी-तिघींनी तर त्याच्या पाया पडून घेतलं. सगळं गाव हसत होतं. बबनराव मोडक्या पंखापाशी मांडी घालून बसले होते. त्यांना मी रडताना पाहिलं ते तेवढंच.

चौकशीला साहेब येणार म्हटल्यावर सरपंचांनी सगळ्यांना पढवलं, "जुनं इंजिन व्हतं, बंद पडलं. बास." त्यात देव, गाव, कॅप्टन सगळेच वाचत होते. बदनाम होणार होती ती फक्त म्हातारी.

ग्रामपंचायतीत बबनराव उभे राहिले. "इंजिन चांगलं व्हतं, साहेब."

"मग चूक वैमानिकाची. त्याचं लायसन जाईल," साहेब म्हणाले.

"न्हाई. खोबरं मी टाकलं. त्यांस्नी ठावं नव्हतं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माज्याच."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. छताचा पंखा किती धुळकट झालाय ते बघत राहिलो. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

कॅप्टनचं लायसन वाचलं. ठेकेदारानं बबनरावांना घरी पाठवलं, विमान भंगारात घातलं. बबनराव पुन्हा ट्रॅक्टर दुरुस्तीला लागले. दुकानात पूर्वीसारखेच येत, थट्टा करत, पण त्या दिवसाचा शब्द कधी काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी ते गेले. आमच्याकडे दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं होतात, मेलेल्या माणसाची सुटका नसते. नदीकाठी एक पुढारी माइकवर म्हणाले, "त्या जुनाट विमानानं दगा दिला, पण बबनराव खचले नाहीत!"

मी उठलो आणि जन्मात पहिल्यांदा कुणाच्या हातातला माइक ओढून घेतला. "विमान चांगलं होतं," मी म्हणालो. "खोबरं माझ्या दुकानातलं. बबनराव कचरत होते, 'टाका' मी म्हणालो." पुढाऱ्यांनी माइक परत घेतला आणि शेठ भावनावश झाल्याचं जाहीर केलं.

निघताना बबनरावांच्या पत्नीला हात जोडले. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"मला ठाव व्हतं, शेठ. त्यांनीच सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पर तुमी त्ये हायेत तवर बोलायला पायजे व्हतं. लई वाट बघितली त्यांनी."