चित्र नको, शब्दांत लिहा

आई गेल्यावर मी पुण्याचं बिऱ्हाड मोडून गोंदियाजवळच्या फुलचूरला बाबांजवळ राहायला आले. बाबांनी जन्मभर गोंदियातल्या राईस मिलमध्ये मशिनी दुरुस्त केल्या होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आई होती तोवर तिनं त्यांना ते फारसं जाणवू दिलं नव्हतं.

पुण्याच्या कंपनीचं काम मी घरूनच करायची. उरलेल्या वेळात आणखी एक बिनपगारी काम असे, एका सॉफ्टवेअरचं. कुठल्याशा इमारतीत रचून ठेवलेले शेकडो संगणक दूरच्या माणसाला स्वतःचा एकच संगणक असल्यासारखे वापरता यावेत, यासाठीचं ते सॉफ्टवेअर. ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. कोड सगळ्यांना उघडा. कुणीही चूक शोधावी, दुरुस्ती पाठवावी. मात्र प्रत्येक भाग सांभाळणारा एकजण असे आणि त्याच्या पसंतीशिवाय काही आत जात नसे.

मी निवडलेला भाग सांभाळणारे गृहस्थ दूर उत्तरेकडच्या एका देशात राहत. पहिली दुरुस्ती पाठवताना बिघाड नीट कळावा म्हणून मी स्क्रीनचे चार फोटो जोडले. उत्तर आलं, "चित्र नको. काय दिसतं ते शब्दांत लिहा." मी लिहिलं. परत आलं. "वरचं लाल बटण म्हणजे कोणतं? त्यावर काय लिहिलंय?" चौथ्यांदा परत आल्यावर मी लॅपटॉप जोरात मिटला.

बाबा शेजारीच वालाच्या शेंगा सोलत बसले होते. "काऊन चिडून राहिली?"

मी ती सगळी पत्रं मराठीत वाचून दाखवली, जरा वेडावतच. बाबांचे हात थांबले.

"त्याले दिसत नसन," ते म्हणाले.

"बाबा, तो माणूस कॉम्प्युटरवर काम करते. न दिसता कसं करन?"

"मी नाही शेंगा सोलून राहिलो? तू बी मले म्हणते, चहा तिकडं ठेवला. तिकडं म्हंजे कोठं, हे मले बी समजत नाही. मी इचारत नाही, येवढंच."

सहा महिने मी त्यांच्याजवळ राहत होते.

विचारू की नको करत दोन दिवसांनी मी त्या गृहस्थांना लिहिलं. उत्तर आलं, "हो, विसाव्या वर्षापासून दिसत नाही. संगणक मला अक्षरं वाचून दाखवतो, चित्रापाशी आला की गप्प होतो. प्रत्येकाला सांगायचा कंटाळा येतो. तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या वडिलांनी ओळखलं," मी कळवलं.

मग मोठं पत्र आलं. त्यात कोडबद्दल एक ओळ नव्हती. वडील बाहेर पडतात का? काठी घेतात का? मी लिहिलं, घेत नाहीत, लोक बघतील म्हणतात. त्यांनी कळवलं, तेही कितीतरी वर्षं घेत नसत. एकदा भर बाजारात खड्ड्यात पडले, तेव्हा घेतली.

ते वाचून दाखवल्यावर बाबा खूप हसले. "त्याले सांग, मी बी मुर्रीच्या रस्त्यावर नालीत पडलो होतो. तुह्या मायले मी सांगतलं, सायकलवाल्यानं धक्का मारला."

त्याच आठवड्यात ते म्हणाले, "एक काठी आणजो."

त्या हिवाळ्यात मी त्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका नव्यानं लिहायला घेतली. चित्रांची सगळी पानं शब्दांत आणायची होती. रोज सकाळी उन्हात बसून एकेक परिच्छेद मी बाबांना मराठीत सांगायची. त्यांना त्यातलं तंत्र कळत नसे, पण सांगण्यात कुठे भोक राहिलं की ते बरोबर अडवत, "थांब. आता माणसानं हात कोठं नेवाचा?" आणि खरंच, माझ्या इंग्रजीतही तिथे ते राहिलेलं असे. पुस्तिका एका फटक्यात मंजूर झाली.

काही वर्षांनी त्या गृहस्थांनी लिहिलं, आता थकलो, हा भाग तुम्ही सांभाळाल का? त्याबद्दल बोलायला त्यांनी एका दुपारी फोन केला. बाबा म्हणाले, मले दे.

"जेवला का?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. पलीकडून हसू आलं, मग सविस्तर उत्तर: मासे, उकडलेले बटाटे. बाबांनी आपल्या घरचा भात आणि वरण सांगितलं. दोघांनी जेवणाखेरीज काहीही विचारलं नाही आणि पाऊण तास बोलले.

फोन माझ्या हाती देताना बाबांनी हळूच बजावलं, "हो म्हण. बिचाऱ्याले आता आराम करू दे."

मी हो म्हटलं.