सुप्याचा अहवाल आणि भिंगारचं पाणी

नगरला लोक देवदर्शनाला जातात, भंडारदऱ्याला जातात. मी जाते सुप्याच्या एमआयडीसीत. मध्यम आकाराच्या कंपन्यांना पर्यावरणाचे अहवाल लिहून देणं हा माझा धंदा. या वेळचा कारखाना बोल्ट बनवणारा. त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकाने बजावलं होतं, की बाहेरून काम करून देणाऱ्या लहान वर्कशॉपांचं सांडपाणी कुठे जातं, तेही अहवालात हवं.

पुण्याहून पहाटेची एसटी धरा, म्हणजे वाघोलीची कोंडी टळते. बायकांना तिकीट अर्धं. नाश्ता शिरूरलाच उरका; मी सुप्याच्या भरवशावर राहिले आणि गार वडापाव नशिबी आला. रस्ता चांगला आहे, पण दोन्हीकडे गोदामं आणि मधूनमधून कोरडी रानं. आभाळ दिवसभर मळकट होतं. मला उगाच उदास वाटत होतं.

खरेदी विभागाच्या कुलकर्णींनी माझ्या प्रश्नावलीला प्लेटिंग करणाऱ्या तिघांनी दिलेली उत्तरं पुढे ठेवली. दोघांनी लिहिलं होतं, सांडपाणी निघतच नाही. बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवायचा, दर खेपेला ते धुवायचे आणि पाणी निघत नाही! मी हसले, कुलकर्णी हसले नाहीत. तिसरे भिंगारचे रफिकभाई. त्यांनी सरळ लिहिलं होतं, चुना टाकून मागच्या खड्ड्यात सोडतो. मी म्हटलं, यांना भेटायचंय.

नगरपर्यंत काळीपिवळी मिळते, पुढे भिंगारला रिक्षा. पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, रिक्षावाल्याच्या तोंडी नगरच. रफिकभाईंचे वडील दारोदार भांड्यांना कल्हई करायचे. मुलांनी प्लेटिंग सुरू केलं. आता सगळं काम या एकाच कंपनीचं, आणि त्यावर दोन भावांचे संसार. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच खड्ड्यावरची फरशी सरकवून दाखवली. पाणी पिवळट होतं, वास नाकात बसला. हे चालणार नाही, शुद्धीकरणाची टाकी बसवावी लागेल, असं मी सांगितलं. त्यांनी लगेच मान डोलावली, फक्त थोडी मुदत मागितली. इतकं उघड का लिहिलंत, असं मी विचारलं.

“तुमीच लिवलं हुतं ना, खरं सांगा, कुनाचं काम जानार न्हाई म्हनून,” ते म्हणाले. “आन् पानी तर निघतंयच की.”

ते वाक्य खरंच माझं होतं, कंपनीला विचारून प्रश्नावलीत घातलेलं. बाहेर येऊन मी कुलकर्णींना फोन केला, मुदत मागितली. इतर दोघं धडधडीत खोटं बोलताहेत, हेही सांगितलं. त्यांच्याकडे जाऊन पाहते म्हटलं, तर तेवढे दिवस माझ्या कामात धरलेलेच नव्हते.

“मॅडम, दोघांकडे पाणीच नाही,” ते म्हणाले, “मग तिसरा ठेवायचा कशाला?”

परतीची एसटी खच्चून भरलेली होती. शिरूरपर्यंत उभीच होते.

अहवाल गेला, गिऱ्हाईक खूश झालं. दिसायला तो स्वच्छच आहे: प्लेटिंगवाले दोनच, सांडपाणी नाही. या प्रवासातून काय आणलं म्हणाल, तर मनाला लागलेली एक टोचणी. परवा घरी स्वयंपाक करताना रफिकभाईंचा फोन आला.

“मॅडम, टाकीचं बोलून ठिवलंय. पन आठवडा झाला, बोल्ट घिऊन कंपनीचा टेम्पो येत न्हाई. माज्याकडून लिवायला काय चुकलं का?”

नाही म्हटलं, तिघांत तुमचं एकट्याचंच बरोबर होतं.

“मंग ते दोगं काय लिवत्यात, तेवढं सांगा,” ते म्हणाले. “फुडच्या बारीला तसंच लिवतो.”

मी सांगितलं.